गड्डा झाल्यावर

सोलापूर,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

चि. सोनू,


भाऊबीजेला तू म्हणालास, "आत्या, गड्डा होऊ दे, मग पुस्तकाचं मनावर घेतो." तू हे अगदी मनापासून म्हणालास, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थाप मारली असतीस तर तिथेच कान धरला असता आणि विषय संपला असता. पण तुझा तुझ्या बोलण्यावर पुरता विश्वास होता. सबब सांगणाऱ्याचा सबबीवर विश्वास असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आपल्या गावात निम्मी कामं गड्ड्याच्या यात्रेनंतर सुरू व्हायची असतात. जानेवारीत नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, होम मैदानावर पाळणे फिरतात. सगळं आवरेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. मग तुमच्या ऑफिसात मार्चएंड. मग ऊन. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत डोकं चालत नाही, हे मी तरी कसं नाकारू? मग लग्नसराई, पंढरपूरची आषाढी, गणपती, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणं, दिवाळी, की परत गड्डा. त्यातून नळाला काही दिवसांआड पाणी, आणि ते नेमकं तुझ्या सुट्टीच्या दिवशी येणार. यातलं एकेक कारण तपासलं तर खरं निघतं. म्हणूनच ती सगळी मिळून आख्खं वर्ष गिळतात आणि कोणालाच अपराधी वाटत नाही.

तुला गिरणी कामगारांच्या आठवणी गोळा करून पुस्तक करायचं आहे. हे मी खूळ मानत नाही. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली, तीच आपली जुनी मिल. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि हे गाव भोंग्यावर उठायला-जेवायला लागलं. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं एका पाळीला एकाच दारातून आत जायची. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही बंद पडली आणि ती माणसं पांगली. कोणी यंत्रमागावर गेलं, कोणी रिक्षा घेतली, कोणी रात्रीच्या वॉचमनची काठी धरली. तुझे आजोबा विणकाम खात्यात होते. त्यांच्यावर तू कॉलेजच्या अंकात जो लेख लिहिलास तो मी अजून जपून ठेवला आहे. त्याला बक्षीस मिळालं, सरांनी वर्गात वाचून दाखवला, आणि तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, "सोनू पुस्तक लिहिणार." त्यानंतर तू एक पानही लिहिलं नाहीस.

ते बक्षीस आणि हे न लिहिणं या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत असं मला वाटतं. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोडी घातली. काहींना सुटणारी, काहींना अशी की ज्यांना उत्तरच नव्हतं. उत्तरं कशीही येवोत, सगळ्यांना सांगितलं की तुम्ही फार छान केलंत. मग म्हणाले, आता दुसरी परीक्षा आहे; त्याआधी दोनपैकी एक औषध निवडा. एकाने डोकं तल्लख होतं, दुसऱ्याने मंद होतं. (औषधांत खरं काहीच नव्हतं.) ज्यांना आपण कशामुळे पास झालो हे कळलेलं नव्हतं, त्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी डोकं मंद करणारी गोळी मागितली. शाबासकी तर मिळाली होती, पण ती पुन्हा मिळवता येईल याची खात्री नव्हती. गोळी घेतली की हरलं तरी म्हणता येतं, गोळीमुळे हरलो. आणि जिंकलं तर काय विचारता!

आळशी माणूस ही गोळी घेत नाही, हे लक्षात घे. ज्याला हुशार म्हणून नावाजलं आहे आणि ते नाव जाईल अशी ज्याला धास्ती आहे, तोच घेतो. तुझ्या त्या लेखाला बक्षीस का मिळालं हे तुला नीट उमगलेलं नाही. आजोबांवरच्या मायेने तो लिहून गेला. आता बसून, ठरवून, परक्या माणसांबद्दल लिहायचं म्हटलं की तुला वाटतं, तितकं जमेल का? नाही जमलं तर? मग मार्चएंड मदतीला येतो. जे पुस्तक लिहिलंच नाही ते वाईट आहे असं कोणालाच म्हणता येत नाही. ते तुझ्या मनात उत्तमच राहतं. सबब माणसाला एवढं मोठं दान देते म्हणून ती सुटत नाही. आमच्या पिढीने तुम्हा मुलांना सरसकट आळशी ठरवून टाकलं, त्याने काहीच साधलं नाही. आळस झटकता येतो. ही भीती आहे, आणि तिला नुसतं दटावून ती जात नाही.

दुसरं तुझं ठेवणीतलं वाक्य, "पुण्यात असतो तर…" पुण्याला असता तर पत्रकारितेचा कोर्स केला असता, चार लेखक भेटले असते, प्रकाशक भेटला असता. इथल्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं पोरगं हे म्हणतं आणि पुण्याच्या गाडीत बसतं. नोकरीसाठी जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट भरायला जावंच लागतं. पण तुझ्या पुस्तकाचा माल पुण्यात नाही रे. तो मुरारजी पेठेत आहे, साखर पेठेत आहे, जुन्या चाळींच्या ओट्यांवर बसलेला आहे.

आपल्या शहराचंच उदाहरण घे. विमानसेवा का नाही, असं विचारलं की वर्षानुवर्षं एकच उत्तर यायचं: सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. त्यावर मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, घराघरांत वाद झाले. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि कामगारांचा जीव त्या कारखान्यात गुंतलेला होता, आणि विमान हवं म्हणणाऱ्यांचीही तळमळ खरी होती. कोण बरोबर हे मी इथे ठरवत बसत नाही. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. धुरळा खाली बसला, आणि मग आपल्यासारख्या सामान्य माणसांना कळलं की धावपट्टीची कामं आहेत, परवाने आहेत, यायला तयार असलेली विमान कंपनी शोधायची आहे. गोव्याची सेवा सुरू झाली ९ जून २०२५ ला, म्हणजे चिमणी पडल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी. चिमणी हा अडथळा होता की नव्हता, याचं उत्तर काहीही असो. ती उभी होती तोवर आपल्या बोलण्यात बाकीच्या कामांची यादीच नव्हती. तसंच तुझं पुणं आहे. उद्या तुझी बदली पुण्याला झाली तर परवा तुला दिसेल की कोणाकोणाला भेटायचं त्या माणसांची नावंसुद्धा तू अजून लिहून काढलेली नाहीस.

मग खरी अडचण आणि सबब ओळखायची कशी? मी रात्रशाळेत शिकवलं आहे, तिथे मला एक खूण सापडली. खरी अडचण आली की माणूस बेत लहान करतो. सबब असली की बेत तेवढाच मोठा ठेवतो आणि तारीख पुढे ढकलतो.

विडी वळणारी एक बाई माझ्याकडे यायची. दिवसाला हजार विड्या, वर स्वयंपाक, धुणं, सासू अंथरुणावर. कात्रीने तेंदूची पानं कापून कापून अंगठ्याजवळ घट्टा पडलेला; पेन धरलं की तो मध्ये यायचा, म्हणून ती पेन जरा वाकडंच धरायची. चाळिशी आली होती आणि दहावी व्हायचं होतं. तिच्याजवळ जेवढ्या सबबी होत्या तेवढ्या तुझ्या-माझ्याजवळ सात जन्मांत जमणार नाहीत. तिने बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. पहिल्या खेपेला सांगून टाकलं, "बाई, मी औंदा मराठी आणि हिंदीचाच अभ्यास करणार. बाकीचे राहू द्यात." सगळ्या विषयांना बसली, दोन सुटले. मग दोन-दोन करत सोडवत गेली. गणिताने फार छळलं. तिने एकदाही मला असं सांगितलं नाही की सासू बरी झाली की एकदम सगळे विषय काढते. मागे पडली होती ती खरी, पण तिच्या वेळापत्रकात कोणताही "मग" नव्हता. आणि ज्यांना तेवढाही वेळ काढता येत नाही, अशा बाया आपल्या पूर्व भागात शेकड्याने आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून मनावर घेतलं की सगळं होतं, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सबबीचं हे बोलणं त्यांच्यासाठी नाही. ज्याच्या हातात रविवारची दुपार आहे त्याच्यासाठी आहे.

आपल्याच जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे बघ. दहावीत नापास झाला, हे तो स्वतःच सांगत आला आहे. पुढे मराठीत एम.ए. केलं आणि नगरला संज्ञापन शिकत असताना अभ्यासाचा भाग म्हणून एक लघुपट केला, 'पिस्तुल्या'. मोठा सिनेमा काढायला पैसा नाही म्हणून थांबला नाही, आणि पहिल्याच दमात 'सैराट' काढायलाही निघाला नाही. जवळ जेवढं होतं तेवढ्यात मावेल अशी गोष्ट घेतली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' २०१३ ला आला आणि 'सैराट' २०१६ ला, तोही बराचसा आपल्या करमाळ्याच्याच रानात चित्रित केलेला. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ ला आलं तेव्हा ते तिशीच्या आत होते. जगणं स्थिरस्थावर होऊ दे, मग लिहू, असं त्यांनी म्हटलं असतं तर कोणी त्यांना बोल लावला असता?

आणि डॉ. कोटणीस. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून तू रोज गाडी नेतोस. १९३८ मध्ये चीनला वैद्यकीय पथक जायचं ठरलं तेव्हा द्वारकानाथ कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही पुरते नव्हते आणि मुंबईत पदव्युत्तर अभ्यासात गढलेले होते. परीक्षा होऊ दे मग बघू, असं म्हणायला किती सोपं आणि किती शहाणपणाचं होतं! ते पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून गेले. तिथे असताना वडील वारल्याची बातमी आली. परत फिरायला याहून सबळ कारण कोणतं? ते राहिले. अक्षरओळख नसलेली चिनी भाषा शिकले, ती इतकी की तिच्यातून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले.

तू लगेच म्हणशील, आत्या, ती मोठी माणसं. अरे, हीसुद्धा सबबच, आणि सगळ्यांत प्रतिष्ठित. पुतळा उभा केला, जयंतीला हार घातला, की त्या माणसाचा आणि आपला संबंध संपतो. त्याच्यासारखं वागण्याची जबाबदारी अंगावरून उतरते. मी तुला चीनला जा म्हणत नाही. कोटणीसांकडून एवढंच घे की त्यांना भाषा येत नव्हती आणि ती ते तिथे गेल्यावर शिकले. तू मात्र मुलाखत कशी घ्यावी याचे व्हिडिओ बघतोस, रेकॉर्डर घेतलास, माइक घेतलास, चांगल्या कागदाच्या वह्या आणल्यास. तयारीत रमणं फार फसवं असतं. दिवसभर काम केल्याचा शीण येतो आणि कामाला हातही लागलेला नसतो.

घरच्यांबद्दलही बोलते, तुझ्या आईला वाईट वाटलं तरी चालेल. "त्याला ऑफिसचा फार ताण आहे हो," असं वहिनी आल्या-गेल्याला सांगते. मायेपोटी सांगते. पण तू न बोलता तुझी सबब ती बोलून दाखवते, आणि पाहुणे मान डोलावतात. आपल्याकडे घरासाठी, आईबापांसाठी मन मारलं म्हटलं की माणसाची वाहवा होते. तुझ्या बाबांना मी स्पष्ट विचारलं, सोनूने रविवारी दोन तास बाहेर घालवले तर तुमचं काही अडतं का? दादा म्हणाला, "मी कधी अडवलं?" कोणीच अडवलेलं नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

आता मूळ गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहतात, तुझ्या आजोबांच्याच खात्यातले. वय चौऱ्याऐंशी. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्याने कानांनी साथ सोडली आहे. परवा मी त्यांच्याकडे बसले होते. ते मोठ्याने बोलतात, आणि बोलताना हात हलवतात: दोन बोटं वर म्हणजे जॉबरला (मुकादमाला) बोलव, तळहात खाली दाबला की माग बंद कर. खात्यात आवाज ऐकूच यायचा नाही, म्हणून या खुणा. तीस वर्षांत त्या खुणा कोणाला करून दाखवायची वेळ आली नव्हती, तरी हात विसरलेले नाहीत. मग मागावरच्या धोट्याची गोष्ट निघाली. कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाशी तोंड लावून श्वासाने ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला किती जणांची तोंडं लागायची! याच कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या काळात जोराने मांडला. आपल्याकडे कसं होतं, कोण कोणाचा धोटा धरत असे, हे मी त्यांना विचारू लागले. ते थोडं बोलले आणि दमले. म्हणाले, "पोराला पाठव. त्याला लिहायचंय ना?"

विचारायला उशीर केला की काय जातं, ते बघ. मे १९३० चा मार्शल लॉ आपल्या शहराने भोगला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली. चार हुतात्म्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पण त्या मे महिन्यात एखाद्या चाळीतल्या बाईने चूल पेटवली की नाही, पाळी सुटल्यावर माणसं घरी कशी पोचली, हे सांगणारं आता घरात कोणी उरलेलं नाही. त्यांच्या मुलांनी-नातवंडांनीही म्हटलं असेल, विचारू सावकाश. साठच्या दशकात गिरणीत लागलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. तुझ्या सबबीचा खर्च तू एकटा भरत असतास तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. तो खर्च त्यांच्या खात्यावर पडतो आहे.

म्हणून बेत लहान कर. पुस्तक हा शब्द वर्षभर तोंडातून काढू नकोस. कोणी विचारलं तर सांग, सध्या काही नाही. एक माणूस, एक दुपार, एक पान. रेकॉर्डर राहू दे घरी, खिशातला मोबाइल पुरे. पान वाईट झालं तरी चालेल. पहिली पानं वाईटच होतात, आणि ती लिहून झाल्याशिवाय बरी पानं येत नाहीत, हे शाळेत निबंधाच्या वह्या तपासून मला पक्कं ठाऊक आहे.

आणि वार-वेळ आधीच ठरवून टाक. पीटर गोलवित्झर नावाचे एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक काम दिलं: नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांत लिहून पाठवायचं. निम्म्यांना आधीच ठरवायला लावलं की कुठे बसून, किती वाजता लिहिणार. ठरवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी वेळेत पाठवलं. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांनी. सण सगळ्यांच्याच घरी होता.

तुझ्यासाठी मीच ठरवून टाकलं आहे. येत्या रविवारी, चार वाजता. आजोबांची दुपारची झोप तेव्हा झालेली असते आणि पाण्याची पाळी शनिवारी आहे, तेव्हा तीही आड येणार नाही. त्यांच्या उजव्या बाजूला बस, त्या कानाने अजून थोडं ऐकू येतं. धोट्याचंच विचार; बाकी काही नको. त्याच रात्री झोपण्याआधी पान लिही आणि सोमवारी ऑफिसला जाताना माझ्याकडे टाकून जा. मी चुका काढीन, त्या दुरुस्त कर, आणि पुढच्या रविवारी कोणाकडे जायचं ते त्यांनाच विचारून घे. त्यांना अजून बारा-पंधरा जणांचे पत्ते माहीत आहेत.

तुझी,
आत्या